शहरी रस्त्यांवरील स्केटबोर्डिंगचे प्रसिद्ध स्पॉट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्केटबोर्डिंगच्या संदर्भात ‘स्पॉट’ म्हणजे नेमके काय?

शहरातली जी जागा स्केटबोर्डिंगसाठी बांधलेली नाही, तरीही जिच्या बांधणीमुळे तिथे बोर्ड उत्तम चालतो, उडतो किंवा घसरतो, तिला स्पॉट म्हणतात. सरकारी इमारतीपुढचा ग्रॅनाइटचा चौक, शाळेच्या पायऱ्या, पुलाखालचा विटांचा उतार, संग्रहालयाबाहेरचा बुटका ओटा, जिन्याचे लोखंडी रेलिंग, असे काहीही स्पॉट ठरू शकते. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द ‘कट्टा’ हा आहे, असे मला वाटते. आपण ‘कट्ट्यावर भेटू’ म्हणतो तेव्हा बसायचा दगडी ओटाही मनात असतो आणि तिथे रोज जमणारी मंडळीही. स्पॉटचेही अगदी तसेच आहे. त्यात दगड असतो आणि त्या दगडाभोवती वर्षानुवर्षे जमलेले लोकही असतात. पुढे सांगितलेल्या बहुतेक वादांत शहराच्या कारभाऱ्यांना यातला दगड तेवढा दिसला आणि मंडळी दिसली नाहीत, म्हणून ही व्याख्या सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी.

खास बांधलेले स्केटपार्क असताना रस्त्यावर जाण्याची गरज काय?

स्केटपार्कमधली प्रत्येक वस्तू स्केटबोर्डरला सोयीची व्हावी म्हणूनच बांधलेली असते. रस्त्यावर तसे नसते. तिथे वास्तुरचनाकाराने बसण्यासाठी, चालण्यासाठी किंवा केवळ शोभेसाठी जे घडवले, त्यातून स्वतःच्या उपयोगाचे काही शोधून काढावे लागते, आणि हे शोधणे हा या कलेचा निम्मा भाग आहे. पायऱ्यांपूर्वी धावायला जागा कमी असते, उतरण्याच्या जागी गटाराची जाळी असते, ओट्याची उंची गैरसोयीची असते, आणि या अडचणींतून वाट काढण्यातच त्या प्रयत्नाची किंमत ठरते. शिकण्यासाठी स्केटपार्क उत्तम असतात, नवशिक्याने तिथेच सुरुवात करावी, याबद्दल दुमत नाही. परंतु पार्क बांधून दिला म्हणजे रस्त्याची गरज संपली, हा समज चुकीचा आहे.

स्केटबोर्डिंग रस्त्यावर आले कधी आणि कसे?

सुरुवातीच्या बोर्डांना धातूची किंवा चिकणमातीच्या मिश्रणाची चाके असत. ती बारीक खड्यालाही अडकत आणि माणूस तोंडघशी पडे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी याने युरेथेनची चाके बाजारात आणली आणि बोर्डाला जमिनीवर पकड मिळाली. त्यानंतर कॅलिफोर्नियात १९७६च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि त्यांच्या गोलाकार भिंतींवर मुले स्केटिंग करू लागली. पाठोपाठ खासगी स्केटपार्क निघाले, पण अपघातांच्या विम्याचा खर्च परवडेनासा झाल्यामुळे १९८०च्या आसपास त्यांतले बहुतेक बंदही पडले.

याच सुमारास एक निर्णायक तांत्रिक बदल घडला. फ्लोरिडातल्या ॲलन गेलफंड याने १९७०च्या दशकाच्या अखेरीस, हात न लावता बोर्डासह हवेत उडण्याची ‘ऑली’ ही युक्ती वक्र भिंतीवर साधली होती. पुढे रॉडनी मुलेन याने ती सपाट जमिनीवर आणली. बोर्डाची शेपटी मागच्या पायाने जमिनीवर आपटायची आणि पुढचा पाय वर घासत नेऊन बोर्ड हवेत सपाट करायचा, एवढीच ती क्रिया आहे, पण तिच्यामुळे पदपथाची कड, बाक, ओटा आणि पायऱ्या हे सर्व आवाक्यात आले. मार्क गोंझालेस आणि नाटास काउपास यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यात तिचा शहरात वापर सुरू केला, आणि आज आपण ज्याला स्ट्रीट स्केटिंग म्हणतो त्याचा पाया घातला गेला.

एखादी जागा चांगला स्पॉट आहे, हे कशावरून ओळखावे?

सर्वप्रथम जमीन पाहावी लागते. स्ट्रीट स्केटिंगची चाके साधारण ५० ते ५४ मिलिमीटर व्यासाची आणि कठीण असतात, त्यामुळे खडबडीत डांबर, रुंद सांध्यांच्या फरश्या किंवा सुटी वाळू यांवर त्यांचा वेग मरतो. गुळगुळीत काँक्रीट, सलग बसवलेला ग्रॅनाइट आणि घट्ट सांध्यांचा संगमरवर हे सर्वांत चांगले. सांधे असलेच तर चाके त्यांना तिरकी न जाता काटकोनात ओलांडतील अशी दिशा निवडावी लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे कड. ओट्यावर बोर्ड घासत नेताना बोर्डाखालचा धातूचा आस किंवा बोर्डाची लाकडी फळी दगडाच्या कडेवर सरकते. ग्रॅनाइटची कड या घर्षणाने झिजून आणखी गुळगुळीत होते, तर साध्या काँक्रीटच्या कडेचे टवके उडतात. म्हणूनच जुन्या, नावाजलेल्या स्पॉटच्या कडा काळ्या आणि चमकदार दिसतात. बोर्ड सहज घसरावा म्हणून त्यांवर वर्षानुवर्षे मेण चोळलेले असते. आपल्याकडे जुन्या देवळाच्या उंबऱ्याला पावलांनी जशी झळाळी येते, तशीच ही झळाळी असते.

तिसरी गोष्ट, जी नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे मोकळा टप्पा. ओटा कितीही सुंदर असला, तरी त्याच्या आधी वेग घेण्यासाठी आणि नंतर बोर्डावर उतरून थांबण्यासाठी जागा नसेल तर त्याचा उपयोग नाही. आणि चौथी गोष्ट बसण्याची. जिथे दमल्यावर बसता येते, इतरांचे पाहता येते, सावली किंवा आडोसा मिळतो आणि कोणी तासाभरात हाकलून लावत नाही, ती जागा टिकते. जगातल्या बहुतेक थोर स्पॉटमध्ये पहिल्या तीन गोष्टी कमीअधिक असतात, पण चौथी हमखास असते.

लंडनच्या साउथबँकला एवढे महत्त्व का आहे?

थेम्स नदीच्या दक्षिण काठावर क्वीन एलिझाबेथ हॉल हे संगीतसभागृह १९६७ साली उघडले. ते काँक्रीटच्या जाडजूड खांबांवर उचललेले आहे आणि त्याखाली नदीकाठच्या पातळीवर एक मोकळी, छताखालची जागा उरली, जिला अंडरक्रॉफ्ट म्हणतात. ती कशासाठी वापरावी, हे रचनाकारांनी फारसे ठरवलेले नव्हते. तिथले तिरके काँक्रीटचे उतार कोणाच्याच उपयोगाचे नव्हते. १९७०च्या दशकात स्केटबोर्डर तिथे आले आणि त्या निरुपयोगी उतारांना अर्थ मिळाला. तेव्हापासून आजतागायत तिथे सलग स्केटिंग चालू आहे, आणि म्हणून जगातल्या सर्वांत जुन्या, अखंड वापरातल्या स्पॉटमध्ये त्याची गणना होते.

मधल्या काळात त्यावर संकटे आली. २००० नंतरच्या पहिल्या दशकात त्याचा मोठा भाग पत्रे ठोकून बंद करण्यात आला. खरा प्रसंग उद्भवला तो २०१३ साली. साउथबँक सेंटरने सुमारे १२ कोटी पौंडांची विस्तारयोजना जाहीर केली, ज्यात अंडरक्रॉफ्टच्या जागी दुकाने आणि उपाहारगृहे येणार होती आणि स्केटबोर्डरना जवळच्याच हंगरफर्ड पुलाखाली नवी जागा बांधून मिळणार होती. वरकरणी हा प्रस्ताव उदारच होता, आणि अनेक सुज्ञ माणसांना तो तसा वाटलाही.

स्केटबोर्डरनी तो नाकारला आणि ‘लाँग लिव्ह साउथबँक’ ही मोहीम उभी राहिली. त्यांचा युक्तिवाद साधा होता. ही जागा सापडलेली आहे, दिलेली नाही; तिची किंमत तिच्या उतारांच्या मोजमापात नसून चार दशके तिथे शिकलेल्या, पडलेल्या आणि पुढच्यांना शिकवलेल्या माणसांत आहे; हे सर्व शंभर पावले पलीकडे उचलून नेता येत नाही. मोहिमेच्या बाजूने दीड लाखाहून अधिक लोक उभे राहिले, नियोजन विभागाकडे हरकतींचे ढीग पडले, आणि २०१४च्या जानेवारीत लंडनचे तत्कालीन महापौर बोरिस जॉन्सन यांनीही अंडरक्रॉफ्ट आहे तिथेच राहावे असे मत दिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोन्ही बाजूंत करार झाला आणि जागा स्केटबोर्डिंगसाठी कायम राखण्यात आली. पुढे मोहिमेने आणि सेंटरने मिळून लोकवर्गणी जमवली, आणि बंद पडलेल्या भागातला एक तुकडा दुरुस्त होऊन २०१९च्या जुलैमध्ये पुन्हा खुला झाला. ज्यांच्याशी लढले त्यांच्याच खांद्याला खांदा लावून वर्गणी गोळा करणे, हा या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे.

फिलाडेल्फियाच्या लव्ह पार्कचे काय झाले?

लंडनमध्ये जे वाचले, ते फिलाडेल्फियात हरवले. शहराच्या मध्यभागी, सिटी हॉलसमोर १९६५ साली बांधलेल्या या चौकाचे अधिकृत नाव जॉन एफ. केनेडी प्लाझा असे आहे. रॉबर्ट इंडियाना यांचे ‘लव्ह’ ही अक्षरे मांडलेले शिल्प तिथे १९७६ मध्ये आले आणि लोकांच्या तोंडी तेच नाव बसले. ग्रॅनाइटच्या लांब बाकांच्या रांगा, चौकातच उतरत जाणाऱ्या पायऱ्या, मधोमध कारंजे आणि भोवती मोकळी जमीन, अशी ती रचना जणू स्केटबोर्डिंगसाठीच आखलेली वाटावी अशी होती. १९९०च्या दशकात रिकी ओयोला, स्टीव्ही विल्यम्स आणि जॉश केलिस यांच्या चित्रफितींमधून हा चौक जगभरच्या स्केटबोर्डरना घरच्या अंगणासारखा पाठ झाला. रिकाम्या कारंज्यात पायऱ्यांवरून घेतलेली उडी म्हणजे तिथली परीक्षाच होती.

शहराने मात्र स्केटिंगवर बंदी घातली. या बंदीची विसंगती अशी की २००१ आणि २००२ साली एक्स गेम्स ही मोठी स्पर्धा याच शहरात भरली आणि शहराने तिचे स्वागतही केले. २००२ मध्ये चौकाची फेररचना करून ग्रॅनाइटच्या बाकांच्या जागी लाकडी बाके आणि फुलझाडांचे वाफे आणण्यात आले. त्या वर्षी २८ ऑक्टोबरला या चौकाची मूळ कल्पना मांडणारे नगररचनाकार एडमंड बेकन, वयाच्या ९२व्या वर्षी, डोक्यावर हेल्मेट घालून आणि दोन्ही बाजूंनी आधार घेऊन स्वतः बोर्डावर उभे राहिले आणि त्यांनी बंदीचा जाहीर निषेध केला. आपण आखलेल्या चौकाचा तरुणांनी स्वतःच्या कल्पनेने लावलेला उपयोग त्यांना अभिमानाचा वाटत होता. नगररचनेच्या इतिहासात अशी प्रांजळ कबुली फार थोड्यांनी दिली असेल.

२००४ मध्ये डीसी शूज या कंपनीने चौकाच्या देखभालीसाठी १० लाख डॉलर देऊ केले, तेही शहराने घेतले नाहीत. २०१३ मध्ये नदीकाठी पेन्स पार्क नावाचा सुंदर स्केटपार्क उघडला. तो चांगलाच आहे, पण तो लव्ह पार्क नाही. अखेर २०१६च्या फेब्रुवारीत जुना चौक पाडायला घेण्यापूर्वी महापौर जिम केनी यांनी काही दिवसांपुरती बंदी उठवली. कडाक्याच्या थंडीत माणसे दूरदूरहून निरोप द्यायला आली. त्या चौकातला काही ग्रॅनाइट पुढे समुद्रापार स्वीडनमधल्या माल्मो शहरात गेला आणि तिथे स्केटिंगसाठीच पुन्हा वापरला गेला.

बार्सिलोनाचे माक्बा हे संग्रहालय स्केटबोर्डिंगसाठी प्रसिद्ध कसे झाले?

रिचर्ड मायर यांनी रचलेले हे समकालीन कलेचे पांढरेशुभ्र संग्रहालय १९९५ मध्ये राव्हाल या जुन्या, दाट वस्तीत उघडले. त्यापुढच्या प्लासा देल्स आंजेल्स या चौकात गुळगुळीत जमीन, लांब ओटे, रुंद पायऱ्या आणि उतार असे सर्व एकाच ठिकाणी आहे, शिवाय हवामान वर्षातले बहुतेक महिने कोरडे असते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी स्केटबोर्डर आणि छायाचित्रकार इथे येऊ लागले. त्याआधी हा खेळ कॅलिफोर्नियाभोवती फिरत होता; बार्सिलोनाने त्याचा गुरुत्वमध्य युरोपकडे ओढला. शहरात माक्बाखेरीज सान्त्स रेल्वेस्थानकापुढचा चौक आणि फोरमचा परिसर असे इतरही अनेक स्पॉट आहेत.

२००६ मध्ये लागू झालेल्या नागरी वर्तनाच्या नियमावलीनंतर दंड आणि बोर्ड जप्त होण्याचे प्रकार वाढले. पोलिस आले की मुले पांगतात आणि गेले की परततात, असा हा क्रम आहे. तिथे राहणाऱ्यांची रात्रीच्या आवाजाबद्दलची तक्रार रास्त आहे, हेही नमूद केले पाहिजे. दगडी भिंतींच्या अरुंद गल्ल्यांत कठीण चाकांचा आवाज घुमतो आणि मध्यरात्री तो कोणालाही नकोसा होईल.

सॅन फ्रान्सिस्कोचा ‘ईएमबी’ म्हणजे कोणती जागा?

एम्बार्कादेरो या सागरकिनाऱ्याच्या भागातला, पूर्वी जस्टिन हर्मन प्लाझा या नावाने ओळखला जाणारा चौक. लॉरेन्स हॅल्प्रिन यांनी रचलेला, लाल विटांचा हा चौक १९७०च्या दशकाच्या प्रारंभी पूर्ण झाला आणि त्यात आर्माँ व्हाइयांकूर यांचे अवाढव्य काँक्रीटचे कारंजे होते. १९८६ मध्ये मार्क गोंझालेसने तिथले एक मोकळे अंतर (गॅप) ऑलीने ओलांडले, आणि ते आजही ‘गोंझ गॅप’ म्हणून ओळखले जाते. १९९०च्या पूर्वार्धात माइक कॅरोल, हेन्री सांचेझ, जेम्स केल्च यांसारखी मंडळी इथे रोज जमत आणि बोर्ड पायाने फिरवण्याच्या ज्या बारीक, अवघड युक्त्या आज शाळकरी मुले करतात, त्यांतल्या अनेक इथे घडत गेल्या. जवळच ‘हब्बा हाइडआउट’ नावाचा पायऱ्यांलगतचा उतरता ओटा होता. तो २०११ मध्ये पाडला गेला, पण अशा उतरत्या ओट्याला स्केटबोर्डर जगभर अजूनही ‘हब्बा’ म्हणतात. जागा गेली आणि तिचे नाव सामान्यनाम होऊन उरले.

पुलाखालचे किंवा स्मारकांजवळचे इतर नावाजलेले स्पॉट कोणते?

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन पुलाच्या मॅनहॅटनकडच्या टोकाखाली विटांचे लाटांसारखे उतार आहेत, त्यांना ब्रुकलिन बँक्स म्हणतात. पुलाच्या दुरुस्तीसाठी ते २०१०च्या सुमारास बंद झाले आणि त्या परिसराचा काही भाग २०२३ मध्ये पुन्हा लोकांसाठी खुला करण्यात आला. वॉशिंग्टनमध्ये फ्रीडम प्लाझा आहे, जो स्केटबोर्डर तिथल्या पुतळ्यावरून ‘पुलास्की’ म्हणून ओळखतात. त्याच्या जमिनीवर शहराचा मूळ आराखडा दगडात कोरलेला आहे, आणि त्यावरून मुले बोर्ड चालवतात.

प्रागचे उदाहरण सर्वांत विलक्षण. लेत्ना टेकडीवर १९५५ साली स्तालिनचे प्रचंड स्मारक उभारले गेले आणि १९६२ मध्ये ते सुरुंग लावून उडवण्यात आले. खालचा दगडी चौथरा तेवढा राहिला. १९९१ मध्ये त्यावर एक भलामोठा, हलता मेट्रोनोम (संगीतात लय मोजण्याचे यंत्र) बसवण्यात आला आणि चौथऱ्याभोवतीच्या फरशीवर स्केटबोर्डर आले. त्या जागेला आजही ते ‘स्तालिन’ असेच म्हणतात. फरशा उखडलेल्या आणि हलत्या आहेत, तरीही युरोपभरचे स्केटबोर्डर तिथे येतात.

मोठ्या पायऱ्यांची एवढी चर्चा का होते?

पायऱ्यांची संख्या मोजता येते, म्हणून. कॅलिफोर्नियात लेक फॉरेस्ट इथल्या एल तोरो शाळेच्या २० पायऱ्या, हॉलीवूड हायस्कूलच्या १२ आणि १६ पायऱ्यांचे दोन जिने आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या वॉलनबर्ग शाळेच्या अतिशय रुंद अशा ४ पायऱ्या यांची नावे प्रत्येक स्केटबोर्डरला ठाऊक असतात. फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या २५ पायऱ्यांवरून अली बुलाला याने २००२च्या सुमारास उडी मारण्याचा प्रयत्न केला, पण ती साधली नाही. दशकाहून अधिक काळाने आरन होमोकी याने आधी गुडघा दुखावून घेतला आणि बरा होऊन परत येऊन ती पूर्ण केली. हे धाडस खरे आहे आणि त्याला मान दिला पाहिजे. मात्र माझ्या मते स्पॉटचे खरे सौंदर्य चौकांत आणि ओट्यांवर दिसते, जिथे एकच माणूस एकाच दगडावर वीस वर्षे नवे काही शोधत राहतो.

एकाच स्पॉटवर तीच युक्ती पुन्हा केली तर चालत नाही का?

स्वतःच्या आनंदासाठी अवश्य करावी. मात्र चित्रफितीसाठी वेगळा अलिखित नियम आहे. एखाद्या प्रसिद्ध जागी कोणी कोणती युक्ती केली, हे लोक लक्षात ठेवतात, आणि पुढच्याने त्याहून अवघड किंवा निराळे काही करावे अशी अपेक्षा असते. ही नोंद कोणत्याही वहीत नसते. ती मासिकांतून, चित्रफितींतून आणि तोंडोतोंडी चालत आलेली असते. घराण्याच्या बंदिशीत कोणी कोणती जागा घेतली, हे जाणकार श्रोत्याला ठाऊक असते, तसेच हे आहे. एखादा स्पॉट पाडला जातो तेव्हा अशी संपूर्ण परंपरा पुढे वाढायची थांबते.

ओट्यांच्या कडांवर बसवलेल्या धातूच्या घुंड्या कशासाठी असतात?

स्केटबोर्डर तिथे घसरू नयेत म्हणून. यांना ‘स्केटस्टॉपर’ म्हणतात. मेणाने दगड काळवंडतो, कडांचे टवके उडतात आणि दुरुस्तीला पैसे लागतात, ही मालकांची बाजू खोटी नाही. पण या घुंड्यांमुळे त्या ओट्यावर वृद्ध माणसालाही नीट टेकता येत नाही, हे तितकेच खरे आहे. नुकसान टाळायचे असेल तर कडेला लोखंडी किंवा पोलादी कोन बसवणे, मुळातच कठीण दगड निवडणे, एखादा ओटा स्केटिंगसाठी मोकळा सोडून बाकीचे राखणे, असे साधे उपाय उपलब्ध आहेत, आणि कालांतराने ते स्वस्तही पडतात.

एखाद्या शहराने स्केटबोर्डिंगला चौकांमध्ये जागा दिल्याची उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि ती उत्साहवर्धक आहेत. माल्मोमध्ये २००५ मध्ये स्टापेलबेड्स पार्क उघडला, त्यानंतर ब्रिगेरिएत ही शाळा सुरू झाली, जिथे स्केटबोर्डिंग अभ्यासक्रमाचा भाग आहे, आणि शहराच्या प्रशासनात स्केटबोर्डिंगचे काम पाहणारा माणूस आहे. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक शहरात लांडहाउसप्लाट्झ हा चौक २०११ मध्ये लाटांसारख्या सलग काँक्रीटमध्ये नव्याने रचला गेला. जुने स्मारक तिथेच आहे, त्याच्या आसपास मुले बोर्ड चालवतात, आणि लोक बसून पाहतात. फ्रान्समधल्या बोर्दो शहराने दंडाचे धोरण बदलून काही चौकांत ठरावीक वेळांत स्केटिंगला मुभा दिली; लेओ व्हाल्स या तिथल्याच व्यावसायिक स्केटबोर्डरने त्यासाठी शहराशी चिकाटीने बोलणी केली. वेळ ठरवून देणे हा मला सर्वांत समजूतदार तोडगा वाटतो, कारण राव्हालसारख्या वस्तीतल्या रहिवाशांची झोपही त्यात जपली जाते.

ऑलिंपिकमधली ‘स्ट्रीट’ स्पर्धा खऱ्या रस्त्यावर होते का?

नाही. तिथे पायऱ्या, रेलिंग, ओटे आणि उतार यांच्या प्रतिकृती बांधलेल्या असतात. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हा प्रकार प्रथम आला. युतो होरिगोमे याने आणि केवळ १३ वर्षांच्या मोमिजी निशिया हिने सुवर्णपदके जिंकली. २०२४ मध्ये पॅरिसच्या प्लास द ला काँकॉर्द या ऐतिहासिक चौकात तात्पुरते मैदान उभारण्यात आले होते, आणि होरिगोमेने तिथे पुन्हा सुवर्ण मिळवले. ज्या प्रकारच्या दगडावरून मुलांना हाकलले जाते, त्याचीच नक्कल करून पदके दिली जातात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

स्पॉटवर गेल्यावर कोणते संकेत पाळावेत?

पायी चालणाऱ्यांचा हक्क पहिला. लहान मूल, वृद्ध व्यक्ती किंवा अंध व्यक्ती जवळ असेल तर थांबावे, आणि सुटलेला बोर्ड कोणाच्या पायावर जाणार नाही याची जबाबदारी घ्यावी. आपली पाळी येईपर्यंत वाट पाहावी. दुसऱ्याच्या ओट्यावर मेण लावण्यापूर्वी विचारावे. सुरक्षारक्षकाने जायला सांगितले तर वाद न घालता निघावे, कारण तो नोकरी करतो आहे. आपला कचरा उचलावा. हुतात्मा स्मारके, समाध्या आणि प्रार्थनास्थळे यांचे दगड कितीही गुळगुळीत असले तरी ती स्पॉट नव्हेत. हेल्मेट घालण्यात कमीपणा नाही.

महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये असे स्पॉट सापडू शकतील का?

सापडतात, परंतु शोध जास्त घ्यावा लागतो. आपल्याकडच्या बहुतेक पदपथांवर आणि सोसायट्यांच्या आवारात पेव्हर ब्लॉक असतात, ज्यांच्या असंख्य सांध्यांवर कठीण चाके खडखडतात आणि वेग टिकत नाही. दगडाच्या बाबतीत मात्र आपण श्रीमंत आहोत. कडप्प्याचे आणि ग्रॅनाइटचे पॉलिश केलेले कट्टे महाविद्यालयांपासून बागांपर्यंत सर्वत्र आहेत, आणि त्यांची कड घसरण्यासाठी उत्तम असते. अडचण येते ती कट्ट्यापुढच्या जमिनीची. जून ते सप्टेंबर या काळात उघड्यावर स्केटिंग जवळजवळ थांबते, कारण पाण्याने बोर्डाची फळी फुगते आणि बेअरिंग गंजतात. त्या महिन्यांत छताखालच्या वाहनतळांचा विचार करावा लागतो, अर्थात परवानगी घेऊनच. मुंबईत मरीन ड्राइव्हचा लांबच लांब कठडा पाहून अनेकांना मोह होतो. तिथे गर्दी असते आणि कठड्यापलीकडे काँक्रीटचे टेट्रापॉड आहेत, त्यामुळे त्या बाजूला पडणे जिवावर बेतेल. तो मोह टाळावा.

खेळाडूंची वानवा आपल्याकडे नाही. २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत स्केटबोर्डिंगचा समावेश होता आणि पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने त्यात सुवर्णपदक मिळवले. नव्याने होणाऱ्या नदीकाठांच्या, मेट्रोस्थानकांच्या आणि उड्डाणपुलांखालच्या मोकळ्या जागांच्या आराखड्यांत सलग जमिनीचा एक पट्टा आणि कठीण दगडाचे दोनचार कट्टे ठेवावेत, अशी मागणी आराखडा मंजूर होण्यापूर्वी, हरकती आणि सूचना मागवल्या जातात त्याच वेळी करावी. बांधकाम झाल्यावर केलेल्या विनंतीचा फारसा उपयोग होत नाही.

नवशिक्याने कोणता बोर्ड आणि कोणती चाके घ्यावीत?

८ ते ८.५ इंच रुंदीची लाकडी फळी बहुतेकांना चालते. गुळगुळीत चौकांसाठी ९९ए ते १०१ए कठीणपणाची चाके घ्यावीत. आपल्याकडच्या खरखरीत रस्त्यांवर केवळ ये-जा करायची असेल तर ७८ए ते ८७ए या मऊ चाकांचा दुसरा संच जवळ ठेवावा. बुटांचा तळ सपाट असावा.

लंडनमध्ये राहणाऱ्या किंवा तिथे जाणाऱ्या मराठी वाचकांना अंडरक्रॉफ्ट पाहता येईल का?

अवश्य, आणि त्यासाठी तिकीट लागत नाही. वॉटर्लू स्थानकातून नदीच्या दिशेने पायी काही मिनिटांत तिथे पोहोचता येते. उत्तर काठावरून यायचे असल्यास एम्बँकमेंट स्थानकात उतरून हंगरफर्ड पुलालगतच्या पादचारी पुलावरून नदी ओलांडावी. नदीकाठच्या वाटेवरून कठड्याबाहेर उभे राहून हवा तितका वेळ पाहता येते. भिंतींवरची रंगचित्रे रोज बदलत असतात. शक्यतो पावसाच्या दिवशी जावे. शहरातले बाकीचे सर्व स्पॉट त्या दिवशी ओले असतात, या छताखालची जमीन कोरडी असते, आणि त्यामुळे लंडनभरची मंडळी तिथे एकत्र सापडतात.